पहिली वेबसाइट मराठीतच बनवा

वेब डिझाइन शिकणाऱ्या बहुतेकांच्या सरावात ‘लोरेम इप्सम’ नावाचा निरर्थक लॅटिन मजकूर असतो. त्याला ना वेलांटी, ना रफार, ना जोडाक्षर. कुठल्याही चौकटीत तो निमूट बसतो, पान झक्कास दिसतं आणि आपल्याला सीएसएस (पानाची सजावट आणि मांडणी ठरवणारी भाषा) आलं असं वाटू लागतं. त्याच पानात ‘आमच्याकडे घरगुती पुऱ्या मागणीनुसार मिळतील’ एवढं वाक्य टाकलं की खरी शिकवणी सुरू होते.

म्हणून सरावाला एखाद्या खानावळीची चार पानांची मराठी साइट घ्या: पहिलं पान, मेनू, फोटो, संपर्क. फ्रेमवर्क (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड) नको, तयार टेम्प्लेट नको. रोज दोन तास दिले तर पानाचा सांगाडा लिहायच्या एचटीएमएलला दोन-तीन आठवडे, सीएसएसला दोन महिने आणि पानाला हिशेब आणि हालचाल शिकवणाऱ्या जावास्क्रिप्टला पुढचे तीन-चार महिने धरा. रिअ‍ॅक्टचं नाव (ते जावास्क्रिप्टचंच एक तयार साधन आहे) त्यानंतर काढायचं. लागणारं सामान फुकट आहे: कोड लिहायला व्हीएस कोड, पान पाहायला क्रोम किंवा फायरफॉक्स, आणि अडलं की एमडीएन हे संदर्भाचं संकेतस्थळ. व्हिडिओ बघायचाच तर एकदा बघून बंद करा आणि तेच पान कोऱ्या फाइलमधून स्वतः लिहा. शेजारी व्हिडिओ चालू ठेवून केलेलं टायपिंग हा सराव नव्हे.

एचटीएमएल सोपं आहे, त्यामुळे लोक ते घाईत उरकतात आणि सगळं पान ‘डिव्ह’ या नुसत्या चौकटीनं भरतात. मथळ्याला ‘एच१’, एका पानावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या दुव्यांना ‘नॅव’, दाबायच्या गोष्टीला ‘बटन’ ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी. डिव्हचं केलेलं बटण माउसनं चालतं. कीबोर्डच्या टॅबनं तिथे पोचता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणून ओळखत नाही.

फाइलच्या सुरुवातीच्या तीन गोष्टी मराठी पानाला अनिवार्य आहेत. पहिली, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असल्याचा ‘मेटा चारसेट’. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत यावा लागतो, म्हणून हेड (फाइलचा वरचा, पडद्यावर न दिसणारा भाग) उघडल्याबरोबर लिहा. नसला तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो चुकला की यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असलेलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन परकी चिन्हं होऊन पडद्यावर सांडतं. दुसरी, एचटीएमएल टॅगवर ‘लँग’ म्हणून मराठीचा दोन अक्षरी कोड. काही फॉन्टांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात. ही खूण दिसली तरच ती वापरली जातात, एरवी हिंदी वळणाची येतात. तिसरी, व्ह्यूपोर्टची (पडद्याची रुंदी सांगणारी) ओळ. ती विसरली की मोबाइल आपला पडदा साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं मानून पान मांडतो आणि सगळी अक्षरं मुंगीएवढी होतात.

खानावळवाल्याकडून मेनू मिळतो तो बहुधा छपाईवाल्यानं केलेल्या फाइलमध्ये, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात. त्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार चढवलेले असतात, त्यामुळे मजकूर वेब पानावर चिकटवला की इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोड परिवर्तक वापरा, पण त्यानंतर एकेक ओळ वाचून काढा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडच्या तिकडे होतात.

आता सीएसएस. नवशिक्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट जवळून पाहू. १००० पिक्सेलच्या पट्टीत दोन कार्डं शेजारी शेजारी हवीत, म्हणून प्रत्येकाला ५० टक्के रुंदी दिली. आत चारही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (मोकळी जागा), कडेला १ पिक्सेल बॉर्डर. ब्राउझरच्या मूळ हिशेबात रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची जागा. तेव्हा एक कार्ड ५०० अधिक ४० अधिक २, म्हणजे ५४२ पिक्सेलचं झालं, दोन मिळून १०८४. दुसरं कार्ड मुकाट्यानं खाली उतरतं. उपाय म्हणजे फाइलच्या सुरुवातीला सगळ्या घटकांना ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ देणं; मग पॅडिंग आणि बॉर्डर ५००च्या आतच मोजले जातात. तरीही मध्ये १६ पिक्सेलचा गॅप टाकला की बेरीज १०१६ होते आणि फ्लेक्स या एका ओळीत मांडणाऱ्या पद्धतीत रॅप (न मावलेलं खाली टाकणं) चालू असेल तर कार्ड पुन्हा खाली जातं. इथे टक्के सोडा, ग्रिड (ओळी-स्तंभांची मांडणी) घ्या आणि ‘एक एफआर, एक एफआर’ असे दोन स्तंभ करा; एफआर म्हणजे जागेचा एक वाटा. गॅप वजा करून उरलेली जागा ग्रिड स्वतःच वाटतो. हे गणित एकदा कागदावर मांडलं की निम्मे लेआउट आपोआप उलगडतात. मांडायचं नसेल तर एफ१२ दाबून कम्प्युटेड खिडकीतली चौकट पाहा, तिथे चारही आकडे दिसतात.

देवनागरीचे सीएसएस नियम इंग्रजी धड्यांत क्वचित सापडतात. मजकुराला १८ पिक्सेल आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ते १.८ ठेवा. इंग्रजी मथळ्यांना शोभणारी १.१ लाइन-हाइट आणि सोबत ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेरचं लपवणं) असेल तर वरचा अनुस्वार आणि खालचा उकार छाटला जातो. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हात लावू नका; शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो. जोर द्यायचा तर वजन वाढवा. मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे आणि सात वजनांत मिळतो, पण सातही पानात ओढून आणू नका. ४०० आणि ७०० पुरतात. फॉन्ट-डिस्प्लेला ‘स्वॅप’ द्या, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत वाचकासमोर कोरं पान राहणार नाही.

रंगांत एकच चूक सार्वत्रिक आहे, फिकट राखाडी मजकूर. पांढऱ्यावर किमान ४.५ ला १ इतका काँट्रास्ट लागतो. हेक्स या रंग लिहायच्या पद्धतीत ७७७ असा लिहिला जाणारा राखाडी ४.४८वर अडतो, म्हणजे नापास. ५५५ घ्या.

फोटो मोबाइलमधून थेट चढवले की पान मरतं. ४००० बाय ३००० पिक्सेलची एक थाळी ३ ते ५ एमबीची असते. रुंदी १२०० करा, वेबपी या हलक्या प्रकारात बदला. बहुधा २०० केबीच्या आत येते. टॅगमध्ये विड्थ आणि हाइट दोन्ही लिहा, नाहीतर फोटो उतरताना खालचा मजकूर धक्का खाऊन सरकतो. सीएसएसमध्ये ‘मॅक्स-विड्थ’ १०० टक्के आणि हाइट ऑटो ठेवा. शेवटी ३६० पिक्सेल रुंदीवर पान तपासा. आडवं सरकत असेल तर दोषी बहुधा एखादा फोटो किंवा न तुटणारा लांबलचक दुवा असतो.

जावास्क्रिप्टमध्ये बिलाची बेरीज करून पाहा. थाळी १२०, जादा पुऱ्या ४०, उत्तर येतं १२०४०. फॉर्ममधली किंमत अंक नसते, मजकूर असतो, आणि मजकुरांची बेरीज म्हणजे जोडणी. ‘नंबर’ फंक्शननं आधी बदलून घ्या. पण ग्राहकानं मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टाकले तर तेच फंक्शन ‘एनएएन’ (अंक नव्हे) देतं, कारण त्याला इंग्रजी अंकच कळतात. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की ० ते ९ हाती येतात. फोन नंबर तपासतानाही हीच भानगड होते. दाखवताना मात्र ‘टू-लोकेल-स्ट्रिंग’ला मराठी-भारत हा लोकेल (भाषा आणि देशाचा कोड) द्या, ते १,२३,४५६ असं लाखांच्या स्वल्पविरामासह छापतं.

‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचकाला चार अक्षरांचं वाटतं, जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ मात्र १० सांगते. हलन्त आणि काने-मात्रे वेगळे मोजले जातात. नावाच्या रकान्याला १५ची मर्यादा घातली तर आडनाव अर्ध्यावर कापलं जातं.

मेनूत शोधाची सोय केली की ‘पुऱ्या’ सापडत नाहीत. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, अदृश्य जोडक, य. दिसायला सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. अक्षरांची रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं ‘नॉर्मलाइझ’ही त्यांना एक करत नाही. तुलनेआधी दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते.

आणि ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ असा लाल संदेश आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा स्क्रिप्ट हेडमध्ये असते आणि ती चालते तेव्हा बटण अजून पानात आलेलंच नसतं. स्क्रिप्ट टॅगला ‘डिफर’ लावा, म्हणजे ती पान वाचून झाल्यावर चालेल. आयडीचं स्पेलिंगही बघा.

साइट चढवायला गिटहब पेजेस ही सेवा मोफत आहे. विंडोजवर छान चाललेले फोटो तिथे गायब होतात, कारण विंडोज फाइलच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं एकच मानतं आणि लिनक्स सर्व्हर मानत नाही. सगळी नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेसऐवजी आडवी रेघ. गिट (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) पहिल्या आठवड्यापासून वापरा, रोज एक तरी कमिट, म्हणजे बदलांची नोंद. चालणारं पान मोडलं की कालच्या स्थितीला परत जाता येतं.

खानावळवाल्याला साइट आवडली आणि खरंच हवी झाली, तर डोमेन (साइटचा पत्ता) त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवरून आणि त्याच्याच पैशांनी घ्यायला लावा. २०१४पासून ‘.भारत’ असा देवनागरी पत्ताही मिळतो; तो जोडीला घ्या, मुख्य पत्ता इंग्रजीच ठेवा, कारण कित्येक प्रणाली देवनागरी पत्ता सांकेतिक इंग्रजी रूपात दाखवतात आणि गिऱ्हाइकाला तो फसवा दुवा वाटतो. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त असतो, नूतनीकरणाचा नसतो. दोन्ही आकडे आणि मुदत संपण्याची तारीख त्याला कागदावर लिहून द्या.