स्क्वॉश आणि सायकॉलॉजी एकत्र करताय? या चुका टाळा

स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसवरचं दहा मार्कांचं उत्तर मी पुण्याहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत, पेपरच्या आदल्या रात्री पाठ केलं. १८८५, निरर्थक अक्षरगट, विस्मरणाचा वक्र. एकदम घोकलेलं लवकर विसरतं, हेच त्या उत्तरात होतं! सकाळी हॉलमध्ये वक्राचे दोन्ही अक्ष उलटे काढले.

कोर्टावरही तेच करायचो. आठवडाभर दांडी आणि रविवारी सलग चार तास. सोमवारी जिना उतरताना पोटऱ्या रडायच्या. त्यापेक्षा आठवड्यात चार वेळा पाऊण तास बरा. थंडीत पहाटेचा स्लॉट घेतला तर त्यातली दहा मिनिटं चेंडू गरम करण्यातच जातात हे धरून चाला. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असला की उसळतच नाही. प्लेअर दिसायच्या नादात नवशिके तोच घेतात. लाल किंवा एका पिवळ्या ठिपक्याचा घ्या, रॅली तरी होईल.

संध्याकाळी खेळून आल्यावर, वर रस्सा ओरपून, नवीन धडा उघडू नका. तिसऱ्या ओळीला मान पडते. नवीन वाचायचं ते खेळायच्या आधी. रात्री पुस्तक मिटून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, वीस मिनिटं पुरतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परत परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे. मग झोपा. झोप कापून केलेला अभ्यास टिकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पायही उचलत नाहीत.

आमच्या विषयाची खास चूक म्हणजे अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजीचा, म्हणजे मानसिक विकारांचा, पेपर सुरू झाला की स्वतःलाच आजार चिकटवणं. मॅचआधी छातीत धडधडलं की मी ‘डिसऑर्डर’ म्हणायचो. थोड्या ताणाने कामगिरी सुधारते, फार झाला की बिघडते, हा यर्क्स-डॉडसनचा नियम (१९०८, तेही उंदरांवर) वाचला होता, पण तो स्वतःला लावायचं डोक्यात आलं नाही. थोडी धडधड हवीच. मात्र आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर समुपदेशकाकडे जा, नोट्स चाळत बसू नका.

घरचे टोमणे वेगळेच. इजिप्तचा स्क्वॉशपटू अली फराग हार्वर्डला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून चार वेळा वर्ल्ड चॅम्पियन झाला, असं काकांना सांगितलं तर म्हणाले, “तो हार्वर्डला हुता, तू कोल्हापुरात सायबर चौकात हाईस.”

राहिलं प्रॅक्टिकल. लेक्चरच्या नोट्स मित्राकडून मिळतात, प्रयोगाचा डेटा मिळत नाही. जर्नलवर सही राहिली की सबमिशनला धावपळ ठरलेली. स्पर्धेची तारीख कळली त्याच दिवशी मॅडमना भेटून दुसऱ्या बॅचबरोबर बसायची परवानगी घ्या. आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो ‘सब्जेक्ट’ आधीच पकडून ठेवा. मी डबल्सच्या जोडीदाराला एक मिसळ कबूल केली होती, तो दोन खाऊन गेला.