नेटवर्क ड्रायव्हर शिकायचाय? आधी खोटी फाय वाचा

नेटवर्क ड्रायव्हर शिकायला सुरुवात कुठून करू, असं नवी मुलं विचारतात. मी त्यांना कार्ड विकत घ्यायला लावत नाही. लिनक्स कर्नलमधली ‘एसडब्ल्यूफाय’ नावाची छोटी फाइल वाचायला सांगतो. नसलेली फाय चिप (केबलवरचे विद्युत संकेत सांभाळणारी चिप) असल्यासारखी कशी दाखवायची, एवढंच तिच्यात आहे.

केबल लावली की दोन्ही टोकांच्या फाय एकमेकींना बारीक स्पंदनांचे जुडगे पाठवतात. प्रत्येक जुडग्यात १६ बिटांचा शब्द असतो: मला १० मेगाबिट जमतं, १०० जमतं, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) जमतं. दोघींना जमणारा सर्वांत वरचा पर्याय ठरतो. या बोलणीलाच ऑटोनिगोशिएशन म्हणतात. ड्रायव्हरला यातलं एकही स्पंदन दिसत नाही. त्याला दिसतात रजिस्टर, म्हणजे चिपमधले क्रमांक दिलेले छोटे कप्पे. ० मध्ये हुकूम, १ मध्ये स्थिती, ४ मध्ये आपली क्षमता, ५ मध्ये समोरच्याची. म्हणजे नक्कल करायची ती या रजिस्टरांची.

राउटरच्या बोर्डावर प्रोसेसर आणि स्विच चिप अनेकदा थेट जोडलेले असतात, मध्ये फाय नसतेच. तरी कर्नलचे वरचे थर फायलाच विचारणार. मग डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणारी यादी) ‘फिक्स्ड-लिंक’ लिहितात आणि ही फाइल १ मध्ये ‘लिंक आहे, ऑटोनिगोशिएशन पूर्ण’ आणि ५ मध्ये वेगाला साजेसे बिट भरून देते. लग्न आधीच ठरलेलं, बोलणी नावापुरती. ड्रायव्हरने काही लिहिलं तर ते मुकाट्याने सोडून दिलं जातं.

क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामातली ई१००० नेटवर्क कार्डाची नक्कल मला जास्त आवडते, कारण तिथे वेळेचंही सोंग आहे. ऑटोनिगोशिएशन पुन्हा सुरू केलं की लिंक आधी पडते, ५०० मिलिसेकंदांचा टायमर लागतो, मग उठते. उत्तर लगेच दिलं असतं तर ड्रायव्हरमधला वाट बघण्याचा कोड कधी चाललाच नसता. आणि त्या अर्ध्या सेकंदात व्हर्च्युअल मशीनचं मायग्रेशन झालं, म्हणजे ती चालू असतानाच दुसऱ्या संगणकावर हलवली, तर? स्थिती जतन करण्याआधी क्यूएमू ती बोलणी तिथल्या तिथे पूर्ण झाल्याचं लिहून टाकतो. असा कोपरा कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

हातानेही करून बघा. क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (त्याला हुकूम द्यायची खिडकी) ‘सेट_लिंक’ ऑफ-ऑन करा, व्हर्च्युअल मशीनच्या आत डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, उघडा ठेवा. मुलाखतीत मी हमखास विचारतो: रजिस्टर १ कधीकधी दोनदा का वाचतात? लिंकचा बिट खाली पडला की वाचेपर्यंत तसाच अडकून राहतो. पहिलं वाचन मधे घडून गेलेलं सांगतं, दुसरं आत्ताचं. पोलिंग (थोड्या थोड्या वेळाने स्थिती विचारत राहणं) चालू असताना मात्र कर्नल मुद्दाम एकदाच वाचतो, नाहीतर क्षणभर तुटलेली लिंक निसटून जाईल.

एका गोष्टीसाठी मात्र खरी केबल आणि मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच लागतोच. एका टोकाला ऑटोनिगोशिएशन बंद करून १०० फुल ठेवा, दुसरं टोक ऑटोवर. ऑटोवाल्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून तो हाफ (एका वेळी एकच दिशा) धरतो. पिंग नीट जातं, मोठी फाइल रखडते, आणि हाफ बाजूला लेट कोलिजनचा (उशिरा झालेल्या टकरींचा) आकडा चढत राहतो.