पुरळ नाही, तरी खाज: पित्तनलिकांच्या आजाराचं निदान करताना या चुका टाळा

अंगाला खाज सुटली की साबण बदलायचा, खोबरेल तेल चोळायचं, नाहीतर अ‍ॅलर्जीची गोळी घ्यायची. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजेच पीबीसीच्या निदानाला पहिला उशीर इथेच होतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर उलटते. रुग्ण बहुतेक चाळिशी ते साठीतल्या बायका. खाज तळहात-तळपायांना जास्त, रात्री आणखी वाढते. कातडीवर पुरळ नसतं, असतात ते नुसते खाजवल्याचे ओरखडे. सोबत थकवा. तो ‘पाळी जायचं वय’ म्हणून सोडून दिला जातो. अशी खाज काही आठवडे टिकली तर लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्याच.

पण रिपोर्ट नीट वाचा. बिलिरुबिन नॉर्मल दिसलं की ‘कावीळ नाही’ म्हणून कागद फाइलीत जातो. या आजारात बिलिरुबिन वाढतं ते उशिरा. आधी चढतं अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम. ते हाडांमुळेही वाढतं, आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे घरोघरी, त्यामुळे दोष हाडांवर ढकलणं सोपं पडतं. अशा वेळी जीजीटी, म्हणजे यकृताच्या आणखी एका एन्झाइमची रक्ततपासणी, करावी. तीही वाढलेली असेल तर गडबड यकृतात आहे असं धरून पुढे तपासायचं.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका. खडा किंवा गाठ नाही ना, हे बघायला ती हवीच. पण पीबीसीत बिघडणाऱ्या नलिका तिच्यात दिसण्याइतक्या मोठ्या नसतात. खरी खूण रक्तात सापडते: एएमए ही अँटिबॉडी ९० ते ९५ टक्के रुग्णांत असते. फॉस्फेटेज सतत वाढलेलं, एएमए पॉझिटिव्ह आणि दुसरं कारण नाही, एवढ्यावर निदान होतं. बायोप्सीच्या धास्तीने दवाखाना टाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बहुतेकांना ती लागत नाही. एएमए निगेटिव्ह असेल तर एसपी१०० आणि जीपी२१० या अँटिबॉडी बघतात. उलट नुसती एएमए पॉझिटिव्ह आणि यकृताचे आकडे नॉर्मल, तर तो अजून आजार नव्हे. वर्षातून एकदा रक्त तपासत राहायचं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) असलेल्या तरुण पुरुषात मात्र संशय वेगळा, पीएससीचा, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस या पित्तनलिकांच्याच दुसऱ्या आजाराचा. तिथे एएमएच्या मागे न लागता एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करतात.

आणि डॉक्टरांपासून काढे लपवू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. घेतलेल्या प्रत्येक चूर्णाची, गोळीची पुडी सोबत न्या.