जपानी हॉटेल सुचवण्याआधी एक फोन

ठाण्यात जपानी जेवण कुठे चांगलं, असं कुणी विचारलं की आपण रेटिंग बघून नाव सांगून टाकतो. सोबत शाकाहारी मंडळी असली की मग पंचाईत. त्यापेक्षा आधी हॉटेलात फोन लावा.

१. विचारा, ‘दाशी कशाची?’ दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकातलं चवीचं पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, उदोन (जाड नूडल्स), तेम्पुरा या जपानी भज्यांसोबतचं सॉस, सगळ्यांत हे पाणी असतं आणि ते बहुधा सुक्या बोनिटो माशाचं. कोम्बू शेवाळ किंवा शिताके मशरूमचं असेल तर हरकत नाही. नुसतं ‘व्हेज आहे ना?’ विचारलंत तर ‘हो’च येतं.

२. मासा कोणत्या वारी येतो, हेही विचारा, म्हणजे ताजा असेल त्या दिवशी जाता येईल. सुशीतला सॅमन आपल्या समुद्रातला नव्हे, परदेशातूनच येतो. त्यामुळे समुद्र जवळ असो की लांब, प्रश्न तोच; नागपूरच्या पाहुण्यांनाही तिथल्या हॉटेलात हाच विचारायला सांगा.

गरोदर बाईला मात्र कच्च्या माशाची सुशी सुचवू नका.