हलव्यावर काटा कसा फुलवावा आणि त्याचे दागिने कसे गुंफावेत

चांगल्या हलव्याचा एकच दाणा तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरावा. त्याच्या चहूबाजूंनी बारीक, टोकदार, जवळजवळ सारख्या उंचीचे काटे उमटलेले दिसतात आणि त्या सगळ्याच्या आत तिळाचा एक दाणा दडलेला असतो. हे काटे साच्यातून आलेले नसतात आणि कोणी कोरलेलेही नसतात. साखरेचा पाक थेंबाथेंबाने सुकवत गेल्यावर ते आपोआप फुलतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधूच्या काळ्या साडीवर आणि बोरन्हाणाला बाळाच्या काळ्या झबल्यावर या पांढऱ्याशुभ्र दाण्यांचे दागिने घालण्याची आपली रीत आहे, आणि खाण्याच्या पदार्थाने अंगावर इतके देखणे रूप घ्यावे असे दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात मला तरी सापडत नाही.

हे दागिने आता बाजारात तयार मिळतात. पुठ्ठ्यावर सोनेरी कागद लावून त्यावर डिंकाने हलवा चिकटवलेला असतो, मधूनमधून काचमणी आणि टिकल्या असतात, आणि छायाचित्रात ते शोभूनही दिसतात. मात्र समारंभ संपल्यावर त्यांतला एकही दाणा तोंडात टाकता येत नाही. म्हणून अंगावरून उतरवलेला दागिना वाटून खाता आला पाहिजे, या एकाच अटीवर पुढची कृती बेतली आहे. त्यासाठी डिंक, पुठ्ठा आणि तार यांना फाटा द्यावा लागतो. दोरा, साखर आणि हाताची बोटे एवढ्यावर काम भागते.

आधी दागिना, मग दाणा

हलवा आधी करून ठेवायचा आणि त्यातून काय होईल ते नंतर पाहायचे, असा क्रम ठेवल्यास सगळे दाणे एकाच आकाराचे निघतात आणि दागिना सपाट दिसतो. म्हणून प्रथम कागदावर दागिन्याची खऱ्या मापाची आकृती काढावी आणि कुठे कोणता दाणा लागेल ते त्यावरच लिहावे. हलव्याचा आकार त्याच्या पोटातल्या बीवर ठरतो. खसखशीचा हलवा मोहरीएवढा बारीक राहतो आणि नाजूक भरणीला उपयोगी पडतो. तिळाचा हलवा सरांना, साबुदाण्याचा हलवा टपोऱ्या मोत्यांच्या जागी, तर मगजबीचा चपटा, लांबट हलवा पाकळ्यांसाठी वापरावा. लवंगेवर चढवलेला हलवा एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळता होत असल्याने पदकाखाली लोंबता ठेवायला त्याच्याइतके चांगले काही नाही, शिवाय तो तोंडात टाकल्यावर साखर विरघळून शेवटी लवंग लागते ती वेगळीच मौज.

मोजमापाचाही अंदाज याच वेळी घ्यावा. तिळाचा पूर्ण वाढलेला दाणा साधारण ६ मिलिमीटरचा धरला, तर ५० सेंटिमीटरच्या एका सराला ८० ते ८५ दाणे लागतात. गुंफताना काही दाणे फुटतात आणि काहींचे काटे झडतात, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरावा. एका पोहेचमच्यात (चहाच्या चमच्याएवढ्यात) सुमारे हजारभर तीळ मावतात हे लक्षात घेतले, म्हणजे हार, बाजूबंद आणि बांगड्या अशा पूर्ण संचालाही मूठभर तीळ लागत नाहीत हे कळते. बहुतेक घरांत पहिल्या खेपेला तीळ जास्त घेतले जातात. मग ठरलेली साखर इतक्या दाण्यांत वाटली जाते की कोणताच दाणा नीट भरत नाही.

हवा आणि वेळ

हलव्याला कोरडी आणि थंड हवा लागते. पौषातली पुणे-नाशिककडची हवा त्याला मानवते. मुंबईत किंवा कोकणात दमटपणामुळे दाणा ओलसर राहतो, तेव्हा तिथे सकाळी ऊन वर आल्यानंतरच कामाला बसावे आणि त्याच वेळी शेजारच्या शेगडीवर डाळ-भात शिजत ठेवू नये, कारण ती वाफही दाण्याला पुरते. परदेशात थंडीच्या दिवसांत घर तापवण्याची यंत्रणा सुरू असते आणि खोलीतली हवा फार कोरडी होते, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हलवा मुंबईकरांपेक्षा सोपा जातो. एकूण तीन ते चार दिवस, रोज दोन-अडीच तास, असा हिशोब ठेवावा आणि संक्रांतीच्या किमान आठवडाभर आधी सुरुवात करावी.

पाक

एक टेबलस्पून पॉलिश केलेले पांढरे तीळ, ४०० ग्रॅम साखर आणि २०० मिलिलिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. साखर पाण्यात विरघळवून उकळी आली की त्यात एक चमचा दूध घालावे. दुधातल्या प्रथिनांबरोबर साखरेतली मळी वर येते, ती झाऱ्याने काढून पाक मलमलीच्या कापडातून गाळून घ्यावा; पांढरेपणा या गाळण्यावरच अवलंबून असतो. मग लिंबाच्या रसाचे तीन-चार थेंब टाकून जेमतेम एकतारी होईपर्यंत पाक उकळावा. लिंबामुळे भांड्यातल्या पाकाची साखर लवकर होत नाही, पण ते जास्त झाले तर हलवा चिकट राहतो आणि काटा धरत नाही. पाक कोमट राहील अशा बेताने गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावा आणि मध्येच दाट झाला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम करावा. दाट पाकाने दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात, फार पातळ पाकाने आधी आलेला काटा विरघळतो. या दोन्हींच्या मधली जागा हाताला सवयीनेच सापडते.

काटा

जाड बुडाची, स्वच्छ आणि पूर्ण कोरडी परात घ्यावी. पूर्वी ती निखाऱ्यांवर राख पसरलेल्या शेगडीवर ठेवत. गॅसवर तोच मंद ताव मिळवण्यासाठी खाली लोखंडी तवा ठेवून आच अगदी बारीक करावी. परातीच्या तळाला बोटे टेकवता आली पाहिजेत, इतकाच ताव हवा. तीळ हलकेच गरम करून त्यावर अर्धा छोटा चमचा पाक सोडावा आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांनी दाणे सतत गोलाकार फिरवत राहावे. दाणे सुटे आणि कोरडे झाले, की पुढचा अर्धा चमचा घालावा. वरच्या प्रमाणातला सगळा पाक जिरवायला असे सुमारे १५० वेळा करावे लागते आणि प्रत्येक खेपेला दोन-तीन मिनिटे जातात. हा वेळ वाचवण्यासाठी एकदम चमचाभर पाक ओतण्याचा मोह होतो. मी एका वर्षी तो केला आणि दुपारपर्यंतचे सगळे काम एका चिक्कीत थिजले, म्हणून आग्रहाने सांगते की थेंबाला पर्याय नाही.

पहिल्या दहा-बारा खेपांना दाण्यावर नुसता पांढरा थर येतो आणि काही घडते आहे असे वाटत नाही. त्यानंतर परातीतला आवाज बदलतो. तिळाची मऊ सळसळ जाऊन तिथे कोरडी, खणखणीत खळखळ येते, आणि काटा डोळ्यांना दिसण्याआधीच बोटांच्या टोकांना टोचू लागतो. हे असे का घडते, तेही समजून घेण्यासारखे आहे. सुकलेल्या थरावर सूक्ष्म उंचवटे राहतात. दाणा गडगडताना हे उंचवटेच तापलेल्या परातीला आधी टेकतात, त्यांच्यावरचा पाक आधी सुकतो आणि तिथे साखर अधिक साठते. पुढच्या खेपेला तो उंचवटा आणखी उंच झालेला असतो, म्हणून त्याला आणखी साखर मिळते.

जपानमध्ये कोनपेइतो नावाची अशीच काटेरी साखरमिठाई करतात. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तिकडे पोहोचली आणि १५६९ साली लुईस फ्रॉइस या धर्मप्रसारकाने ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिली होती. पूर्वी तिच्या पोटातही खसखशीचाच दाणा असे, आणि तिला एकसारखी शिंगे कशी फुटतात या कोड्यात तोराहिको तेरादा हा तिथला भौतिकशास्त्रज्ञ रमला होता. आपल्या परातीतही नेमके तेच कोडे रोज उलगडत असते, हे कळल्यावर दोन-अडीच तासांचे बसणे मला जड वाटेनासे झाले.

दर वीस-पंचवीस खेपांनी दाणे चाळून साखरेचा भुगा वेगळा करावा, नाहीतर तो काट्यांच्या मधल्या जागा भरून टाकतो. हा भुगा पाकात परत घालता येतो. दिवसाचे काम संपल्यावर दाणे परातीतच पातळ मलमलीखाली झाकून ठेवावेत. घट्ट झाकणाच्या डब्यात लगेच भरल्यास आतला ओलावा आतच कोंडतो आणि सकाळी काटे बसलेले दिसतात. आच वाढली तर दाणा पिवळट होतो, त्यावर उपाय नाही. रंगीत दाणे हवे असतील तर शेवटच्या आठ-दहा खेपांपुरते केशर खललेला पाक वापरावा. मला स्वतःला मात्र पांढऱ्या दाण्यांत एखादाच केशरी दाणा आवडतो, कारण काळ्या कापडावर पांढऱ्याची जी लखलख उठते ती रंग वाढले की मंदावते.

सर गुंफणे

हलव्याचा दाणा सुईने टोचू नये, तो फुटतो. त्याला गाठीत धरायचा असतो, आणि इथे काटा शोभेबरोबर कामालाही येतो, कारण दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसला की दाणा निसटत नाही. पांढरा सुती दोरा दुहेरी घेऊन त्याचे एक टोक पाटाच्या खिळ्याला किंवा जड डब्याच्या कडीला बांधावे. दोन पदरांच्या मध्ये दाणा ठेवून त्याच्या दोन्ही अंगांनी पदर आणावेत आणि दाण्यालगत साधी गाठ मारावी. गाठ ओढताना जोर दोऱ्यावर द्यावा, दाण्यावर देऊ नये. पुढचा दाणा त्या गाठीला टेकवून ठेवावा आणि तीच क्रिया पुन्हा करावी. हात बसला की एक सर तासाभरात होतो. दोन सर समांतर ठेवून दर पाचव्या गाठीत ते एकमेकांना बांधले, की चिंचपेटीसारखी रुंद पट्टी तयार होते. तिच्या मधोमध मगजबीच्या सहा पाकळ्या आणि साबुदाण्याचा एक दाणा अशी फुली बसवावी.

नथ आणि बाक असलेले दागिने

नथीला बाक हवा, आणि तार तर वापरायची नाही. यासाठी जाड सुती दोरा दाट पाकात भिजवून, निथळून, वाटीच्या तूप लावलेल्या काठावर हव्या त्या वळणात बसवावा आणि रात्रभर सुकू द्यावा. साखरेने कडक झालेला हा कमानदार दोरा सकाळी अलगद सुटून येतो. त्यावर दाणे बसवण्यासाठी आयसिंग शुगरमध्ये लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून घट्ट लगदा मळावा. तो काडीच्या टोकाने लावून दाणा ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात पक्का होतो. नथीत मोत्यांच्या जागी साबुदाण्याचे दाणे आणि मधल्या खड्याच्या जागी केशरी दाणा घ्यावा. बाजूबंद आणि मुकुटासाठी याच लगद्याने धुतलेल्या काळ्या सुती पट्टीवर दाणे बसवता येतात. समारंभाच्या दिवशी घामाने साखर ओलावते, म्हणून गळ्यालगतचे दागिने अगदी शेवटी घालावेत.

बोरन्हाणासाठी दागिने करताना वेगळी काळजी घ्यावी लागते. बाळ पहिल्यांदा हात घालते ते गळ्यातल्या हारालाच, आणि कडक, बारीक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून बाळाचा हार आखूड आणि दुहेरी गाठींचा असावा, हाताच्या कड्यांना सैल दाणा राहू देऊ नये, आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे यांची आंघोळ घालून छायाचित्रे झाली की दागिने लगेच उतरवावेत. तोपर्यंत मोठ्यांपैकी एकाने तरी बाळावरची नजर हलवू नये.

उतरवलेले दागिने मऊ कापडात सैल गुंडाळून, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवावेत आणि बरणीच्या तळाशी कोरड्या तांदळाची छोटी पुरचुंडी घालावी, म्हणजे ओलावा तांदूळ घेतो. हळदीकुंकवाचे दिवस रथसप्तमीपर्यंत चालतात, तोपर्यंत काटे शाबूत राहतात. रथसप्तमीला कात्रीने गाठी कापून दाणे मोकळे करावेत, दोऱ्याचा एकही धागा राहिला नाही हे पाहावे आणि ज्यांनी परातीपाशी बसून हात लावला होता त्यांना ते आधी द्यावेत.