राउटरचे उघडे दार

घरचे इंटरनेट रात्री विनाकारण मंदावू लागले, तेव्हा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून मी राउटरच्या नोंदी उघडल्या. अनोळखी पत्त्यांवरून पोर्ट २३ आणि ८०८० वर (पोर्ट म्हणजे उपकरणाशी संपर्क साधण्याचे क्रमांक दिलेले दार) सतत थापा पडत होत्या. अशा थापा इंटरनेटवर अखंड चालू असतात, त्यांचे काही वाटले नाही. धक्का बसला तो पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आलेला संपर्क घरातल्या उपकरणाकडे पाठवणाऱ्या नियमांची यादी पाहून, कारण कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरने यूपीएनपी या, उपकरणांना राउटरचे पोर्ट आपोआप उघडू देणाऱ्या सोयीने, मला न विचारता, ८०८० बाहेरच्यांसाठी उघडे करून ठेवले होते. रेकॉर्डरचा पासवर्डही कारखान्यातलाच होता, आणि हा दोष सर्वस्वी माझा. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) अशाच कारखान्यातल्या वापरकर्ता-नाव व पासवर्डांच्या ६० हून अधिक जोड्या वापरून लाखो उपकरणे ताब्यात घेतली होती. ते केवळ मेमरीत राहत असल्याने यंत्र बंद-चालू केल्यावर नाहीसे होई, मात्र पासवर्ड तोच राहिल्यास काही मिनिटांत परतत असे. म्हणून मी आधी नेटवर्कची केबल काढली, मग रेकॉर्डर बंद-चालू करून पासवर्ड बदलला. राउटरवरील यूपीएनपी आणि बाहेरून व्यवस्थापनाची सोय बंद केली, फर्मवेअर (राउटरचे अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत केले व कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर हलवले. शेवटी मोबाइल डेटावरून घरच्या सार्वजनिक पत्त्यावर ८०८० उघडून पाहिले. पान उघडले नाही.