शब्द कळतात, वाक्य कळत नाही? या चुका टाळा

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत डिक्शनऱ्या वापरून वापरून खिळखिळ्या झालेल्या दिसतात, तरी इंग्रजी उताऱ्यावरचे प्रश्न चुकतात. घोटाळा बहुतेकदा अवघड शब्दांत नसतोच. तो ‘अ’, ‘टू’, ‘हॅड’ असल्या चिल्लर शब्दांत असतो, आणि त्यांच्यासाठी डिक्शनरी कुणी उघडत नाही.

‘हॅड’चंच घ्या. ‘आय हॅड रिपेअर्ड माय बाइक’ म्हणजे गाडी मीच दुरुस्त केली होती. ‘आय हॅड माय बाइक रिपेअर्ड’ म्हणजे मेकॅनिककडून करून घेतली. शब्द तेच, फक्त गाडीची जागा बदलली. मराठीत ‘केली’ आणि ‘करून घेतली’ हा फरक क्रियापदच सांगतं, इंग्रजीत तो शब्दांच्या क्रमात असतो. म्हणून ‘हॅड दिसलं की होता-होती’ हे पाठांतर आधी सोडा. ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप यांच्या मधे वस्तू आली, तर काम बहुधा दुसऱ्यानं केलंय. त्यातही मेख आहेच: ‘आय हॅड माय मोबाइल स्टोलन’ म्हणजे मोबाइल चोरीला गेला, कुणी स्वतःचा मोबाइल मुद्दाम दुसऱ्याकडून चोरवून घेत नाही!

‘द सोयाबीन वॉज टू वेट टू सेल’. यातला पहिला ‘टू’ (too) म्हणजे ‘फारच’, पण ‘नॉट’ कुठंच नाही, म्हणून पोरं ‘ओलं होतं तरी विकलं’ असा अर्थ लावतात. खरा अर्थ, विकता येईना इतकं ओलं होतं. दहावीला ‘रिमूव्ह टू’ घोकलेलं असूनही उताऱ्यात हा नकार निसटतो.

‘लिटल वॉटर’ म्हणजे पाणी जवळपास नाहीच. ‘अ लिटल वॉटर’ म्हणजे थोडंफार आहे. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. लातूरला पाणी पुरवणाऱ्या तेव्हाच्या मांजरा धरणाला ‘अ लिटल’ लावणं म्हणजे चक्क थाप ठरली असती.

काही वाक्यं मात्र खरोखर दुहेरी असतात. ‘आय डिडन्ट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी’: पगार बरा म्हणून टिकलो, की सोडली पण कारण पगार नव्हतं? इथं व्याकरण उगाळत बसू नका. ‘पगारामुळे मी नोकरी सोडली नाही’ हे मराठीतही तितकंच गोंधळाचं आहे. बोलताना आवाजाचा जोर अर्थ सांगतो, कागदावर पुढचं वाक्य. तिथं ‘माय बॉस वॉज द प्रॉब्लेम’ असेल, तर नोकरी सुटलेली आहे.